अटकळ आणि पडताळा

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत नियम असतात, गणिताच्या पुस्तकांत सिद्धता असतात आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सूत्रे व कोष्टके असतात. त्यामुळे हे सारे ज्ञान पहिल्यापासून असेच ठाम होते, असा समज विद्यार्थ्याच्या मनात नकळत घर करून बसतो. प्रत्यक्षात यातले जवळजवळ प्रत्येक विधान एके काळी निव्वळ अटकळ होते, म्हणजे हाती असलेल्या पुराव्याच्या पुढे जाऊन कोणीतरी धाडसाने मांडलेले आणि खरे की खोटे हे अजून ठरायचे असलेले विधान होते. निसर्गविज्ञानात अशा विधानाला परिकल्पना म्हणतात, गणितात अटकळ किंवा अनुमान म्हणतात, तर तंत्रज्ञानात ते बहुधा आराखड्यातच मुरलेले असते आणि बांधकाम उभे राहून त्यावर भार पडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. अटकळ बांधण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ती उघडपणे मांडावी आणि काय आढळले तर ती सोडून देऊ हेही आधीच सांगून ठेवावे, हा प्रस्तुत ग्रंथाचा मुख्य विचार आहे, आणि तो विचार अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खडक, पांढरीची टेकाडे, शेते, विहिरी आणि धरणे यांच्या आधाराने मांडला आहे.

या विषयाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाची साधने, मानली. तर्काला मात्र त्यांत स्थान दिले नाही. ‘असे नसते तर काय झाले असते’ अशा रीतीने विचार करून विरुद्ध पक्षाची अडचण दाखवणारा तर्क स्वतः निर्णय देत नाही, तो प्रमाणाला मदत करतो, असे नैयायिकांचे म्हणणे होते. मीमांसकांनी अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण मानले. दिवसा न जेवणारा देवदत्त धष्टपुष्ट दिसतो, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, हे तिचे ठरलेले उदाहरण. दिसणाऱ्या गोष्टीची संगती ज्यावाचून लागत नाही ते मान्य करणे, असे तिचे स्वरूप आहे. चार्वाकांनी तर अनुमानाच्या मुळावरच घाव घातला आणि आजवर पाहिलेल्या धुराखाली अग्नी होता म्हणून पुढेही असेलच याला आधार काय, असा प्रश्न केला. हा प्रश्न युरोपात अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने पुन्हा उभा केला आणि त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर आजही मिळालेले नाही.

युरोपातील विचाराचे प्रवाह थोडक्यात असे सांगता येतील. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये निरीक्षणांच्या संग्रहातून पायरीपायरीने नियमांपर्यंत चढण्याचा मार्ग सांगितला आणि घाईच्या कल्पनांपासून सावध राहण्यास बजावले. न्यूटनही उघडपणे परिकल्पनांच्या विरुद्ध बोलत असे, परंतु प्रकाशाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्याने प्रश्नांच्या रूपाने कितीतरी अटकळी मांडून ठेवल्या. एकोणिसाव्या शतकात विल्यम व्ह्यूएलने शोधात कल्पनेचा वाटा मोठा असतो हे ठासून सांगितले, तर चार्ल्स पर्सने निरीक्षणावरून त्याच्या संभाव्य कारणाकडे जाणाऱ्या विचाराला तर्कशास्त्रात वेगळी जागा दिली. ही जागा मीमांसकांच्या अर्थापत्तीच्या बरीच जवळची आहे. विसाव्या शतकात कार्ल पॉपरने सिद्धान्त कधीच पूर्णपणे सिद्ध होत नाही, तो फक्त खोडला जाऊ शकतो, म्हणून जे विधान खोडण्याची सोयच नाही ते वैज्ञानिक नव्हे, अशी भूमिका घेतली. त्यापूर्वीच प्येर दुएमने एक अडचण दाखवून दिली होती: कोणतीही परिकल्पना एकटी कसोटीला लागत नाही, तिच्यासोबत उपकरणांविषयीच्या, पद्धतीविषयीच्या आणि इतर सिद्धान्तांविषयीच्या अनेक समजुती असतात, आणि निकाल विरुद्ध गेल्यास दोष कोणावर ठेवायचा हे प्रयोग सांगत नाही. टॉमस कूनने १९६२ मध्ये शास्त्रज्ञांचा समूह आपल्या मूळ चौकटीला किती चिकटून राहतो हे दाखवले. या सर्वांत पॉपरचे नाव आपल्याकडे अधिक घेतले जाते, पण प्रत्यक्ष संशोधनाच्या अडचणी समजून घ्यायच्या असतील तर दुएमचा मुद्दा अधिक उपयोगी आहे, असे या ग्रंथातील उदाहरणे पाहता म्हणावे लागते.

गणितात अटकळीची स्थिती वेगळी आहे, कारण तेथे अखेरचा शब्द सिद्धतेचा असतो आणि कितीही उदाहरणे जमली तरी ती सिद्धतेची जागा घेऊ शकत नाहीत. देवळालीला शाळेत शिकवत संख्यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक सर्वांना ठाऊक आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ मिळते, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथेच पोचते. येथे तपासायच्या संख्या दहा हजारांच्या आतच आहेत, म्हणून एकेक संख्या तपासणे हीच सिद्धता ठरते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही गोल्डबाखची १७४२ मधील अटकळ मात्र ४ या अंकापुढे अठरा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येपर्यंत संगणकाने तपासूनही अटकळच राहिली आहे. हा गणितज्ञांचा हट्ट नव्हे. जॉर्ज पोल्याने १९१९ मध्ये विचारलेला प्रश्न असा होता की, कोणत्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या घेतल्या तर ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या विषम आहे अशा संख्या निम्म्याहून कमी नसतील का. कोट्यवधी संख्यांपर्यंत उत्तर होकारार्थी येते, आणि ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७ या ठिकाणी ते पहिल्यांदा चुकते.

खोट्या ठरलेल्या अटकळींत मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी एक आहे आणि तिचा संबंध थेट शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचतो. ओळी आणि स्तंभ सारखेच असलेल्या चौकटीत प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभात एकदाच आले, तर त्या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर पहिल्याच्या प्रत्येक चिन्हाची दुसऱ्याच्या प्रत्येक चिन्हाशी नेमकी एकदाच गाठ पडत असेल, तर ते परस्परलंब समजले जातात. चारच्या चौकटीत हे साधते: पहिल्या ओळीत क१, ख२, ग३, घ४, दुसरीत ख३, क४, घ१, ग२, तिसरीत ग४, घ३, क२, ख१, आणि चौथीत घ२, ग१, ख४, क३ असे मांडले की अक्षर आणि अंक यांच्या सोळाही जोड्या एकेकदाच येतात. लिओनार्ड ऑयलरने १७८२ मध्ये, सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी असे उभे करता येतील का या प्रश्नावरून, ६, १०, १४, १८ अशा चाराने भागल्यास दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी अशी जोडी नसते, अशी अटकळ मांडली. सहाच्या बाबतीत ती खरी असल्याचे गास्तों तारी याने १९०० च्या सुमारास सर्व शक्यता हाताने तपासून दाखवले, आणि पुढच्या संख्यांविषयीही ऑयलरचेच म्हणणे खरे असणार, असे बहुतेकांना वाटू लागले.

१९५९ मध्ये उत्तर कॅरोलिना विद्यापीठात राज चंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ या संख्येसाठी अशी जोडी बांधून दाखवली. त्यांच्या पाठोपाठ अर्नेस्ट पार्करने दहाची जोडी दिली, आणि तिघांनी मिळून सहानंतरच्या अशा प्रत्येक संख्येसाठी जोडी असतेच हे सिद्ध केले. ऑयलरची अटकळ सहापलीकडे सर्वत्र चुकीची होती. न्यूयॉर्क टाइम्सने २६ एप्रिल १९५९ रोजी ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी त्यांचे निधन झाले. पावणेदोनशे वर्षे टिकलेली आणि शेवटी चुकलेली ऑयलरची अटकळ वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही, कारण ती खोडण्यासाठी ज्या रचना शोधाव्या लागल्या त्यांनी रचनाशास्त्राची एक अख्खी शाखा समृद्ध केली.

लॅटिन चौरसाला शेतात आणले ते रोनाल्ड फिशरने. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड प्रयोगक्षेत्रावर काम करताना त्याच्या लक्षात आले की, शेताचा कस एका बाजूने उतारामुळे आणि दुसऱ्या बाजूने ओलाव्यामुळे बदलत असेल, तर चार वाणांची तुलना करताना प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदा आलाच पाहिजे. नाहीतर चांगल्या जमिनीचे श्रेय वाणाला जाते. त्याने १९३५ च्या ग्रंथात शून्य परिकल्पनेची कल्पनाही मांडली: नवा वाण जुन्यापेक्षा मुळीच वेगळा नाही असे आधी धरायचे, आणि मिळालेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता फारच थोडी असेल तरच ते सोडायचे. ही पद्धत भारतातील कृषी संशोधकांच्या हाती दिली ती वि. गो. पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पुस्तकावर कृषी पदवीधरांच्या पिढ्या तयार झाल्या. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ज्वारीच्या किंवा बाजरीच्या वाफ्यांना लावलेल्या पाट्या पाहिल्या, तर त्यांचा क्रम वरवर विस्कळीत वाटतो. तो तसा मुद्दाम ठेवलेला असतो. वाण अधिक झाले की लॅटिन चौरस आवाक्याबाहेर जातो आणि तेव्हा यादृच्छिक गट रचना वापरतात, म्हणजे सारख्या जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात वाणांच्या जागा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात; उद्देश तोच राहतो. शेतकऱ्याच्या हाती पिशवी पडण्यापूर्वी ‘हा वाण सरस आहे’ ही अटकळ अशा अनेक हंगामांतून आणि अनेक ठिकाणच्या वाफ्यांतून जाते, याची जाणीव ग्राहक म्हणून शेतकऱ्यालाही असायला हवी.

जेथे प्रयोग पुन्हा करता येत नाही अशा शास्त्रांची अडचण याहून मोठी आहे, आणि पुरातत्त्वाच्या बाबतीत या जिल्ह्याइतके शिकवणारे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तेथील लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांवरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला, जोर्वे हे नाव मिळाले. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने नेवाशाला १९५४ पासून खोदकाम केले. ज्ञानेश्वरीमुळे सर्वपरिचित असलेल्या या गावाने प्रवरेच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून मध्य पुराश्मयुगाच्या हत्यारांचाही भक्कम पुरावा दिला.

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. प्रवरेकाठचे हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले आणि त्यानंतर म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. अ. साळी यांनी वेगवेगळ्या वेळी तेथे उत्खनन केले. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना काशाच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा, चारींचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर मिळालेला असल्याने, आणि अशी प्राणिशिल्पे घडवणारी परंपरा तिकडेच अधिक शोभते म्हणून, उत्खननकर्त्यांनी या वस्तू त्या काळाच्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, ठरवल्या. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले: या वस्तूंत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत अशी मिश्रणाची रीत दिसत नाही, तेव्हा त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतील. दुएमचा मुद्दा येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. वस्तू शास्त्रीय उत्खननात थरांत मिळाल्या नाहीत, म्हणून थराचा आधार घेणारा जवळपणावर भिस्त ठेवतो. आर्सेनिकाचा आधार घेणारा आजवर तपासलेल्या वस्तू त्या काळच्या धातुकामाचे पुरते चित्र देतात असे धरून चालतो. दोन्ही पक्षांची गृहीते रास्त आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. साठ किलो धातू एका ठिकाणी ओतण्याइतकी साधनसंपत्ती प्रवरेकाठच्या वस्तीत कोठून आली, हा प्रश्न कोणत्याही पक्षाने नीट सोडवलेला नाही, आणि या वादातला खरा कठीण भाग तोच आहे.

जोर्वे वस्त्या ओस का पडल्या यावरही अशीच चर्चा आहे. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील बहुतेक वस्त्या इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास उठल्या, तर पुणे जिल्ह्यातील इनामगाव आणखी काही शतके टिकले. तेथे उत्तरकाळात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा पशुपालनावर भर वाढला. म. के. ढवळीकर यांनी पाऊसमान घटल्याचे कारण मांडले. पर्जन्यछायेतल्या, दुष्काळ अंगवळणी पडलेल्या जिल्ह्याला ही अटकळ लगेच पटते, आणि लगेच पटणारी अटकळ अधिक कसून तपासायला हवी.

अकोले तालुक्यातील १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर ज्या बेसॉल्ट खडकाचे आहे त्याने तर साऱ्या जगाच्या वादात भाग घेतला आहे. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, साडेसहा कोटी वर्षांमागच्या थरांत आढळलेल्या इरिडियम धातूवरून, डायनोसॉर अशनीच्या आघाताने नष्ट झाले असे सुचवले; दुसऱ्या बाजूने दख्खनच्या लाव्हाच्या प्रचंड उद्रेकाने हवामान बिघडले असे म्हणणारे होते. मेक्सिकोतील चिक्शुलुब विवर ओळखले गेल्यावर पहिल्या पक्षाचे बळ फार वाढले, पण दख्खनचे मोठे उद्रेक विनाशाच्या नेमके आधी झाले की नंतर, यावर २०१९ मध्ये दोन गटांनी काढलेली कालमापने एकमेकांशी पूर्ण जुळली नाहीत. सह्याद्रीच्या थरांचे नमुने त्यासाठी आजही तपासले जातात.

तंत्रज्ञानातील अटकळ चुकल्याची किंमत लगेच मोजावी लागते. एकोणिसाव्या शतकात दगडी धरण म्हणजे एकसंध वजनदार ठोकळा असे धरून आराखडे होत. पायाखाली आणि सांध्यांत मुरलेले पाणी भिंतीला वर उचलू पाहते, या उत्थापन दाबाकडे दुर्लक्ष होई. १८९५ मध्ये फ्रान्समधील बूझे धरण फुटले आणि अभियंत्यांनी हा दाब हिशेबात धरण्यास सुरुवात केली. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९६९ मध्ये त्याच्या भिंतीला तडे गेल्यावर आधारभिंती बांधून ते भक्कम करण्यात आले. धरण उभे आहे याचा अर्थ आराखड्यातील सर्व गृहीते खरी होती असा होत नाही, म्हणून भिंतीतल्या गळतीची आणि दाबाची मोजणी कायम चालू ठेवावी लागते.

पाण्याचा प्रश्न प्रत्येक गावाचा आहे. बेसॉल्टमध्ये पाणी सलग साठत नाही. ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यांत असते, म्हणून शेजारच्या दोन बोअरपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, तेव्हा त्याचे बोलणेही अटकळच असते. फरक इतकाच की कोरड्या गेलेल्या जागांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि लागलेल्या पाण्याची आठवण मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने याच्या अगदी उलट रीत बसवली आहे. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो, त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे. यंदा इतके पाणी पुरेल, ही अटकळ चारचौघांत मांडली जाते आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी तिचा पडताळा सगळ्या गावाला दिसतो. विज्ञानाची रीत गावाच्या कारभारात उतरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण फार थोड्या ठिकाणी मिळेल.

पडताळ्याला सामोरे जाण्याचे धैर्य कोणी दाखवले, यावरून माणसांचाही विचार करता येतो. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह स्थिर विश्वाच्या बाजूने काम केले. १९६५ मध्ये विश्वातील पार्श्वप्रारणाचा, म्हणजे सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींचा, शोध लागल्यावर बहुतेकांनी ती बाजू सोडली, पण त्यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये सुधारित रूप मांडले आणि ते कोठे तपासता येईल हेही सांगितले. बहुमत त्यांच्या बाजूने आले नाही. त्याच नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली: हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्यांपैकी प्रत्येकी चाळीस कुंडल्या सत्तावीस ज्योतिष्यांना ओळखण्यास दिल्या, आणि बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्याहून काही अधिक नाही. स्वतःच्या आवडत्या सिद्धान्ताला लावलेली कसोटी आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला लावलेली कसोटी एकच असावी, हे त्यांच्या कामातून दिसते.

आजच हा विषय का घ्यावा, याला आणखी एक कारण आहे. आता अटकळी यंत्रेही बांधू लागली आहेत. अल्फाफोल्ड या प्रणालीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचे अंदाज दिले आणि त्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गणितातही संगणकाने नवी सूत्रे सुचवल्याची उदाहरणे आहेत. अटकळी स्वस्त झाल्या, पडताळा मात्र पूर्वीइतकाच कष्टाचा राहिला. मोबाइलवर रोज येणाऱ्या पीकसल्ल्यांपासून औषधांच्या दाव्यांपर्यंत सर्व ठिकाणी वाचकाला हाच प्रश्न विचारावा लागणार आहे की, हे खोटे ठरायचे असेल तर काय दिसायला हवे. नेहरूंनी १९४४ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या भारतशोधाच्या ग्रंथात वैज्ञानिक मनोवृत्तीचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाला आज रोजच्या सरावाचे रूप यायला हवे.

प्रस्तुत ग्रंथ तत्त्वज्ञानाचा इतिहास नाही आणि जिल्ह्याचे गॅझेटियरही नाही. एखादी अटकळ कशी सुचली, तिच्यासोबत कोणती न बोललेली गृहीते आली, ती कोणी, कशाने तपासली आणि निकालानंतर माणसे कशी वागली, एवढेच तो प्रत्येक उदाहरणात पाहतो. गणिताच्या भागासाठी शालेय गणितापलीकडची तयारी लागत नाही. भूशास्त्राच्या भागात कालमापनाच्या पद्धती थोड्या विस्ताराने दिल्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय वाद कळत नाही. निकाल न लागलेले प्रश्न ओढूनताणून मिटवलेले नाहीत, आणि लेखकाने जेथे स्वतःचे मत दिले आहे तेथे ते कोणत्या पुराव्यापुढे मागे घ्यावे लागेल हेही नोंदवले आहे. दायमाबादच्या काशाच्या वस्तू उत्तर हडप्पा काळाच्या असाव्यात याकडे त्याचा कल आहे. परंतु तशाच आर्सेनिकयुक्त धातूची, तशाच घडणीची वस्तू ऐतिहासिक काळातील अस्पर्शित थरात कोठेही मिळाली तर हे मत सोडावे लागेल, असे त्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेले आहे.